दोन माळांना चार मणी कमी

३ मार्च

अक्का,

पार्सल मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि घाईघाईनं दोरा दातानंच तोडला. आतून निघाली माळ. आणि एक चिठ्ठी, चार ओळींची. 'श्वास आत, सो. श्वास बाहेर, हम्. एका श्वासाला एक मणी. मोठा मणी आला की तो ओलांडायचा नाही, तिथून उलटं फिरायचं.' औषधाच्या बाटलीवर लिहितात तसं. कशी आहेस, एवढंसुद्धा नाही.

मावशीनं कळवलं असणार तुला. तिच्या पोटात तीळ भिजत नाही. तिनं तिखटमीठ लावून सांगितलं असेल, त्यापेक्षा माझ्याकडून ऐक. मी पडले नाही. मला खरचटलंसुद्धा नाही. अकरा जानेवारीला मी सळ्यांचा भारा उचलत होते, वाऱ्याचा झोत आला, भारा झुलला आणि खाली उभं राहून मला इशारे देणाऱ्या माणसाचा पाय भारा आणि भिंत यांच्यामध्ये सापडला. त्याला आम्ही भोंगा म्हणतो, कारण वॉकी-टॉकी बंद पडला तरी त्याचा आवाज चौसष्ट मीटर वर येतो. आठ वर्षं तो माझ्या कानात आहे. जिवावरचं पायावर निभावलं त्याचं. चौकशी झाली. झोत अचानक आला, असं मी सांगितलं. आलाच होता.

हल्ली मी खाली गोदामात असते. डॉक्टर म्हणतात, धक्का बसलाय, होईल हळूहळू. बारा वर्षं रोज सकाळी शिडी चढून क्रेनच्या केबिनमध्ये जाऊन बसणारी बाई, जिला सगळी साइट 'घार' म्हणते, ती आता अकराव्या पायरीला थांबते. बारावीला हात लावला की बोटं लोखंडावर आवळली जातात, मग ना वर ना खाली. परवा दोघांनी मिळून माझी बोटं एकेक करून सोडवली, लहान मुलाच्या मुठीतून गोळी काढून घेतात तशी. सगळी साइट बघत होती.

आणि अशा बाईला तू मणी पाठवतेस.

आई दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तू त्या टेकडीवरच्या साधनाकेंद्रात डोळे मिटून बसली होतीस. आई गेली तेव्हाही तीन दिवस उशिरा आलीस. मी दारातच विचारलं होतं तुला, 'झाला का जप पुरा?' सात वर्षं झाली त्याला. अजूनही मला दुसरं काही विचारावंसं वाटत नाही.

माळ उद्याच्या टपालानं परत पाठवते.

छोटी


२१ मार्च

अक्का,

माळ पाठवली नाही. टपाल कचेरीत रांग होती.

खरं सांगायचं तर रांगेत तीनच माणसं होती. मी चौथी. खिशात हात घालून उभी होते. पुढचा माणूस पाकिटाला तिकिटं चिकटवत बसला होता, जसा काही आयुष्यभर पुरतील एवढा डिंक लावतोय. माझा नंबर आला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी खिशातल्या खिशात मणी सरकवत होते, आणि माझा अंगठा थरथरत नव्हता. हे तुला मी सांगितलं नव्हतं. जानेवारीपासून माझा उजवा अंगठा थरथरतो. त्याच अंगठ्याखाली क्रेनचा दांडा असतो.

खिडकीमागची बाई म्हणाली, "काय पाठवायचंय?"

मी म्हटलं, "काही नाही," आणि घरी आले.

याचा अर्थ तुझं खरं ठरलं असा नाही. डॉक्टरांनी हाताला काहीतरी चाळा ठेवायला सांगितलंय. तो मी ठेवतेय, बस्स.

चाळासुद्धा धड जमत नाही. सतरा मणी झाले की मन निसटतं. सो, हम्, सो, हम्, गोदामातल्या मोठ्या कड्या त्रेचाळीस, छोट्या साठ, दुपारच्या गाडीत सिमेंट, अरे, मी कुठे होते? परत पहिल्यापासून. आमचा गोदामवाला म्हातारा आहे, त्याला सगळ्यातलं सगळं कळतं असा त्याचा समज आहे. परवा माझ्या हातातली माळ बघून म्हणाला, "बाई, पहिलं बोट बाजूला ठेवा. अंगठा आणि मधलं बोट, एवढंच."

"का? त्या बोटानं काय घोडं मारलंय?"

"ते बोट दुसऱ्याकडे दाखवायचं असतं. इथं त्याचं काही काम नाही."

शहाणा आहे मेला. दिवसभर डोक्यातून गेलं नाही ते.

छोटी


१८ एप्रिल

अक्का,

पूर्ण माळ झाली! शनिवारी सकाळी, गोदामाच्या मागे, लाकडी खोक्यावर बसून. मन मध्येच पळालं, पण कुत्रं दोरीला बांधलेलं असावं तसं फार लांब गेलं नाही. मोठा मणी बोटाला लागला आणि मी उलटी फिरले. दुसरीही झाली. उठले तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या आणि मी एकटीच दात काढत होते. गोदामवाल्यानं विचारलं, "लॉटरी लागली का?"

त्याच दिवशी दुपारी शिडीला हात लावला. माळ गळ्यात घालायची नाही, सुरक्षा अधिकाऱ्यानं आधीच दम दिलाय, कशात अडकली तर फास बसेल. हातात धरायची नाही, कारण हात शिडीला हवेत. म्हणून ती शर्टाच्या आतल्या खिशात, खिशाला बटण, आणि मणी मनात. एक पायरी, एक श्वास. अकरा. बारा. अक्का, बारा! तेरा. बत्तीस पायऱ्यांवर पहिला टप्पा आहे, लोखंडी जाळीचा, चार माणसं उभी राहतील एवढा. तिथवर गेले. तिथून पुढे काही जमेना, पण उतरले माझी मी. कुणी बोटं सोडवायला आलं नाही.

केबिनपर्यंत दोनशे बारा पायऱ्या आहेत. दोन माळांना चार मणी कमी. तुझ्या मण्यांचा आणि माझ्या शिडीचा हिशोब जवळजवळ जुळतो, हे बघून मला हसू आलं.

रविवारी भोंग्याला भेटायला गेले होते. घरी आणलंय त्याला. गुडघा वाकत नाही. पाय स्टुलावर ठेवून बसलेला असतो आणि खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला मागे-पुढे घ्यायचे इशारे देतो. वहिनी म्हणाल्या, "शेजाऱ्यांनी तक्रार केलीय."

त्याचं कार्ड रद्द झालंय. इशारेवाल्याचं कार्ड, ज्याच्याशिवाय कुठल्याच साइटवर त्याला उभं करणार नाहीत. चौकशीत ठपका त्याच्यावर आला, की तो भाऱ्याच्या फार जवळ उभा होता. तो स्वतःच म्हणाला मला, "दोन पावलं मागे असतो ना घार, तर काही झालं नसतं. माझंच चुकलं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मी तिथून लवकर निघाले. काम होतं.

छोटी


९ मे

अक्का,

काम नव्हतं.

तुमच्याकडे सांगतात का गं लोकांना, की माळ ओढायला लागलं की काय काय वर येतं? चिठ्ठीत तेवढं लिहायला काय झालं होतं तुला? मला वाटलं होतं शांत वाटेल. पहिले काही दिवस वाटलंही. मग विहिरीचा गाळ उपसावा तसं झालं. चाळिसाव्या, पन्नासाव्या मण्याला एक आवाज यायला लागला. पीं, पीं, पीं. रोज तोच. मला माहीत होतं तो कसला आहे.

केबिनमध्ये वाऱ्याचा मीटर असतो. वारा ठरलेल्या रेषेच्या वर गेला की तो वाजतो. वाजला की भार जमिनीला टेकवायचा, हुक सैल सोडायचा आणि थांबायचं, हा नियम आहे. अकरा जानेवारीला तो वाजला होता. एकदा नाही, तीनदा. दोनच भारे राहिले होते. कुणी माझ्या मागे लागलं नव्हतं, साहेब तर साइटवरही नव्हते. मीच बटण दाबून त्याचं तोंड बंद केलं. बारा वर्षं वर बसतेय, मला वारा शिकवणार का हे डबडं, असं वाटलं मला. अगदी हेच शब्द. भोंगा खालून म्हणाला होता, "घार, वर वारा कसा आहे?" मी म्हटलं, "ठीक आहे. उचलते."

तो बरोबर जागी उभा होता. दोन पावलं मागे असता तरी भारा तिथवर पोचलाच असता.

आमची क्रेन जुनी. मीटर काही लिहून ठेवत नाही. मीटरला स्मरण नाही, म्हणून मी सुटले.

सोमवारी सकाळी एक माळ केली, आणि मोठ्या मण्याला बोट लागलं तशी उठून चौकशीच्या कचेरीत गेले. अधिकारी डबा उघडत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. त्यांनी डबा बंद केला.

"बाई, प्रकरण मिटलंय. तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"तुमचा परवाना जाईल."

"त्याचं कार्ड परत येईल ना?"

त्यांनी कागद पुढे सरकवला. "लिहा. तारीख आधी घाला."

परवाना सहा महिन्यांसाठी गेला. नंतर पहिल्यापासून परीक्षा. भोंग्याला कार्ड परत मिळणार आहे.

हे मी त्याला स्वतः सांगायला गेले. वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. ज्याचा आवाज चौसष्ट मीटर वर येतो, तो माणूस इतका हळू बोलला की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "चार महिने," तो म्हणाला, "चार महिने मी रोज त्या दोन पावलांचा विचार करतोय. झोपेतसुद्धा मागे सरकतो मी."

वहिनी आतून म्हणाल्या, "चहा ठेवलाय, पिऊन जा."

"नको," तो म्हणाला. "जाऊ दे तिला."

मी रडत घरी आले. आणि तुला सांगते, त्या दुपारी मी जेवले. भरपूर. जानेवारीपासून पहिल्यांदा भूक लागली होती.

छोटी


१० मे

अक्का,

कालचं पत्र टाकलं आणि तेव्हापासून चैन नाही. एकाच्या घरी जाऊन सांगितलं, मग दुसऱ्याचं काय?

आईची तब्येत ढासळली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, कुणाला बोलवायचं असेल तर आत्ताच बोलवा. मी त्याच दिवशी तुला पत्र लिहिलं. तुमच्याकडे फोन नव्हता, तार करता आली असती, पण मी पत्र लिहिलं. आणि ते नऊ दिवस पर्समध्ये ठेवलं. विसरले नव्हते. रोज पर्स उघडत होते, रोज दिसत होतं. दोन वर्षं अंग पुसणं, कूस बदलणं, कामाआधी, कामानंतर, रात्रभर मी. शेवटचा हात धरायला मात्र तू येणार, हे मला सहन होईना.

आई शेवटी तुझ्याबद्दल विचारत होती. मी तिला सांगितलं, कळवलंय.

आणि तू आलीस तेव्हा दारात मी तुला ते विचारलं, सगळ्यांच्या देखत. सात वर्षं सगळे तुलाच नावं ठेवतायत. मीही ठेवते, त्यांच्याहून जोरात.

माफी मागायची तर कुठल्या तोंडानं मागू ते कळत नाही. पण मागतेय. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

छोटी


३ ऑगस्ट

छोटे,

उत्तराला उशीर झाला. माळ पाठवली आणि लगेच इथे पाच महिने माझं मौन होतं, त्यात लिहिणं-वाचणंही बंद. परवा सुटलं. कचेरीतल्या बाईनं तुझी पाच पत्रं एकदम हातात दिली. ती मी भाजीच्या वाफ्यात बसून वाचली. मिरच्यांना पाणी घालायचं राहून गेलं.

मला माहीत होतं गं. पाकिटावर टपालाचा शिक्का असतो. आतली तारीख एक आणि शिक्क्याची दुसरी, मध्ये नऊ दिवस. मी बँकेत चौदा वर्षं तारखाच तपासत होते. तुझ्या दारात उभी होते तेव्हा ते पाकीट माझ्या पिशवीत होतं. काढून सगळ्यांना दाखवता आलं असतं. नाही दाखवलं. त्याला कुणी मोठेपणा म्हणेल, पण तो नव्हता. मला वाटलं, मीही तुला दोन वर्षं एकटीला टाकून आले, फिटंफाट झाली.

फिटंफाट कसली. आईनंतर इथे परत आल्यावर पहिली तीन वर्षं मी जप केला असं सगळे समजतात. मी माळेवर तुला शिव्या मोजत होते. एकशे आठ, रोज, न चुकता. आमच्या गुरुबाईंना कळलं. त्या म्हणाल्या, "हरकत नाही, मोजत राहा, कंटाळा येईल." आला. चौथ्या वर्षी एक दिवस मधल्याच मण्याला शिवी सुचेना. तिथे तू लहानपणी माझ्या पाठीवर बसून चिंचेच्या झाडावर हात पुरतो का बघायचीस, ते आठवलं.

तुला पाठवलेली माळ तीच आहे. शिव्या खाऊन मणी गुळगुळीत झालेत, म्हणून तुझ्या बोटांना बरे लागले असतील.

चिठ्ठीत 'कशी आहेस' लिहिलं नाही, कारण चार वेळा लिहून खोडलं. 'आता आठवण झाली का' असंच म्हणाली असतीस तू.

कशी आहेस?

अक्का


२६ नोव्हेंबर

अक्का,

पास! पास! पास!

तुझं ऑगस्टमधलं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही, तुझ्या डोक्यात हवा जाईल. त्यानंतरच्या लहानमोठ्या चिठ्ठ्यांमध्ये आपण निम्मं बोललोच आहोत. आज फक्त परीक्षेचं.

लेखी झाली, दांड्यांवरची झाली, ती जमिनीवरच्या नमुन्याच्या केबिनमध्ये असते. राहिली शेवटची, खरी. परीक्षक म्हणाले, "वर जा, हुक फिरवून दाखवा, खाली या." एवढं सोपं वाक्य! मी सहा महिन्यांत तिसऱ्या टप्प्याच्या वर गेले नव्हते, परवाना नसताना त्याच्या वर सोडत नाहीत.

पट्टा बांधला. पहिला टप्पा, दुसरा, तिसरा, सो, हम्, सगळं ठीक. आणि शंभर पायऱ्या ओलांडल्यावर ती आली, भीती. कुठे गेली नव्हतीच, वर बसून वाट बघत होती माझी. बोटं आवळली. खाली बघितलं नाही, पण खाली किती आहे ते अंगाला कळतं. मी थांबले. श्वास आत, सो. बाहेर, हम्. पायरी नाही चढले, नुसते श्वास घेतले. दहा. वीस. माझ्या वॉकी-टॉकीवर परीक्षकांचा आवाज, "बाई, झोप लागली का वर? दुसरेही उमेदवार आहेत."

आणि मग दुसरा आवाज, खरखर करत, चौसष्ट मीटरवरही वॉकी-टॉकीशिवाय येईल असा.

"घाई करू नका तिला, साहेब. मोजतेय ती."

भोंगा होता. अक्का, सहा महिन्यांत तो माझ्याशी एक शब्दही बोललेला नव्हता. कार्ड मिळाल्यावरही नाही. गोदामवाल्यानं त्याला परीक्षेचा दिवस सांगितला होता, माझ्या मण्यांचंही सांगितलं होतं, आणि हा काठी टेकत येऊन परीक्षकांच्या हातातलं यंत्र काढून घेऊन उभा!

मी एक बोट सोडलं. मग दुसरं. स्वतःची स्वतः. एकशे चार. एकशे पाच. पुढचं मला नीट आठवत नाही, एवढंच आठवतं की केबिनचं दार जड झालं होतं, गंजलं असेल, आणि मी खांद्यानं ढकललं. आतमध्ये माझ्या खुर्चीच्या फोमला पडलेला खड्डा होता, माझ्याच आकाराचा. त्यात बसले.

"घार," खालून आवाज आला. "दिसतंय का सगळं?"

"दिसतंय."

"मग बोल की काहीतरी. माझा एकट्याचा घसा किती दुखवू?"

मला जे बोलायचं होतं ते यंत्रावर बोलण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "हुक खाली घेते. बाजूला हो."

"किती पावलं?"

मी दांड्यावरचा हात काढला. तो हसला. सगळ्या साइटला ऐकू जाईल असा हसला. "अगं, हसायला विचारतोय. घे खाली."

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. वहिनींनी चहा ठेवला. या वेळी तो म्हणाला, "दोन कप आण." तेवढ्यानं सगळं मिटलं असं नाही. गुडघा वाकत नाही तो नाहीच. जिना चढताना बघितलं की मान वळवावीशी वाटते, आणि वळवायची नाही, असं मी ठरवलंय. पण त्यानं साहेबांना सांगितलंय, उचल घारीची असेल तर इशारा माझा, दुसऱ्या कुणाचा नाही.

जानेवारीअखेर आम्ही बांधतोय त्या स्टेशनच्या छताची शेवटची कमान चढवायची आहे. तुला वेळ असेल तर ये. रस्ता विचारायची गरज नाही. कुठूनही वर बघ, क्रेन दिसेल.

तुझी छोटी


३१ जानेवारी, दुपारी तीन

अक्का,

तू आतल्या खोलीत घोरतेयस आणि मी बाहेर बसून तुला पत्र लिहितेय. वेड लागलंय मला. पण तू काल खाली होतीस, मी वर, आणि वरचं तुला मी सांगितल्याशिवाय कसं कळणार? बोलायला लागले की आपण दोघी एकदम बोलतो आणि कुणालाच काही ऐकू येत नाही. लिहिलेलं बरं.

कमान नऊ टनांची, बावीस मीटर लांब. जिथे बसवायची ती जागा मला केबिनमधून दिसतच नाही, मध्ये इमारतीची उंच भिंत आहे. याला आम्ही आंधळी उचल म्हणतो. डोळे भोंग्याचे, हात माझे. तो म्हणेल डावीकडे एक वीत, तर एक वीतच, दीड नाही.

सकाळी दहाला तयारी झाली. खाली मांडव, खुर्च्या, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले मोठे लोक. आणि दहा वाजून पाच मिनिटांनी मीटर वाजला. पीं, पीं, पीं.

मी हुक सैल केला आणि सांगितलं, "थांबलेय."

पाच मिनिटांनी साहेब, "किती वेळ?" मी म्हटलं, वारा सांगेल. पंधरा मिनिटांनी साहेबांचे साहेब. "रेषेच्या थोडासाच वर आहे ना? पाहुण्यांना पुढे जायचंय." मी म्हटलं, "जाऊ द्या त्यांना." माझ्याच तोंडून गेलं हे! मग भोंग्याचा आवाज आला, "सगळ्यांनी हा चॅनल मोकळा करा. वरून निरोप येईपर्यंत कुणी बोलायचं नाही." आणि खरंच कुणी बोललं नाही.

मी खिशाचं बटण काढलं, माळ हातात घेतली. दोन्ही हात दांड्यांपासून लांब, मांडीवर. सो. हम्. अलार्म चालू ठेवला, बंद केला नाही. तो वाजत होता आणि मी मोजत होते. गेल्या वर्षी त्याच खुर्चीत मला वाटलं होतं की थांबणं म्हणजे हरणं. काल मी चाळीस मिनिटं थांबले. खाली खुर्च्या रिकाम्या होत गेल्या, काही पाहुणे गाड्यांत बसून निघूनही गेले, आणि माझ्या आयुष्यात मला इतकं भरभक्कम कधी वाटलं नव्हतं. चौथी माळ निम्मी झाली आणि आवाज थांबला. तरी दहा मिनिटं वाट पाहिली. मग माळ खिशात, बटण, हात दांड्यांवर. अंगठा दगडासारखा स्थिर.

"भोंग्या, उचलते."

"उचल."

पुढची पंचवीस मिनिटं जगात फक्त त्याचा आवाज होता. वर. वर. थांब. उजवीकडे दोन हात. थांब. खाली, हळू. आणखी हळू. मुंगीच्या पावलानं, घार. दोरखंडातून मला कमानीचं वजन कळत होतं, दिसत काही नव्हतं. मग तो गप्प झाला. एक क्षण, दोन क्षण. आणि दोरखंड सैल पडला, वजन गेलं.

"बसली," तो म्हणाला. मग यंत्र बाजूला टाकून, नुसत्या घशानं, "बसली!"

तो आरडाओरडा तू खालून ऐकलास, मी काचेतून. साडेतीनशे माणसं आपापली हेल्मेटं वर उडवत होती, सुरक्षा अधिकारी 'डोक्यावर घाला, डोक्यावर घाला' म्हणून ओरडत होता आणि त्याचं स्वतःचं हातात होतं. ट्रकवाल्यांनी हॉर्न दाबून धरले. मी केबिनमध्ये एकटीच, खुर्चीवर उभी राहून, डोकं छताला आपटेपर्यंत नाचले. हे कुणाला सांगू नकोस.

आता जे सांगायला एवढं लिहिलं ते. चौसष्ट मीटरवरून माणूस म्हणजे एक हेल्मेट. सगळी सारखीच दिसतात. ती परत डोक्यांवर गेली तेव्हा सगळी कमानीकडे वळलेली होती. साहेब, पाहुणे, वेल्डर, सगळे. एकच हेल्मेट, पिवळं, डोक्याला मोठं होत असलेलं, उलट्या बाजूला, क्रेनकडे तोंड करून वर बघत होतं. कुणीतरी म्हणालंही असेल तुला, बाई, कमान तिकडे आहे.

मी तुला हात केला. तुला दिसला नसेल.

बरं, आता उठ. सकाळी भोंग्यानं साहेबांकडून तुझ्यासाठी परवानगी काढलीय, पहिल्या टप्प्यापर्यंतच, बत्तीस पायऱ्या. पट्टा त्यानं स्वतः तपासून ठेवलाय. चप्पल चालणार नाही, माझे जुने बूट दाराशी काढून ठेवलेत, पुढे कापूस कोंबला की बसतील. घाबरू नकोस. तू पुढे चढ, मी तुझ्या मागे एका पायरीवर असेन, आणि हात कुठे पुरतो ते आपण बघू.

छोटी